चौकट : मनोविकार आणि मधुमेहाची दुहेरी देखरेख

स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचार आणि वास्तवाचे भान विस्कळीत करणारा आजार, किंवा द्विध्रुवीय विकार, म्हणजे मनःस्थितीत टोकाचे चढउतार घडवणारा आजार, असलेल्या व्यक्तींमध्ये मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत दुप्पट ते तिप्पट आढळते. ओलान्झापिन व क्लोझापिन ही या आजारांवरील उपयुक्त औषधे वजन आणि रक्तशर्करा वाढवू शकतात, हे त्याचे एक कारण आहे. त्यामुळे अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार संघटनांनी 2004 मध्ये असे सुचवले, की औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी तपासावी आणि साखर बारा आठवड्यांनी, पुढे दरवर्षी पुन्हा पाहावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीय देह सडपातळ दिसूनही चरबीयुक्त असू शकतो हे दाखवले असल्याने येथे केवळ वजनावर विसंबणे धोक्याचे ठरते.

उदाहरणार्थ, पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील मांजरी बुद्रुकच्या अशा रुग्णाला मानसोपचारासाठी येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि साखरेसाठी दुसराच दवाखाना गाठावा लागला, तर डोळ्यांच्या पडद्याची, मूत्रपिंडांची व पायांच्या संवेदनेची वार्षिक तपासणी सुटण्याची शक्यता वाढते आणि रुग्णाची शारीरिक तक्रार मनोविकाराच्याच खाती टाकली जाते, ही विशेष गंभीर बाब होय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21 नुसार मात्र अशा रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांइतकीच दर्जेदार सेवा मिळणे हा हक्क आहे.