नवी भाषा शिकायला वयाची आडकाठी नाही

दवनीवाडा येथील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या परिचारिका असून तिची बदली सालेकसा तालुक्यातील एका उपकेंद्रात झाली आहे. घरची पोवारी, बाजारातली हिंदी आणि शाळेतली मराठी अशा तीन भाषा तिला येतात. परंतु तिच्या भागातल्या काही म्हाताऱ्या बायका गोंडीशिवाय बोलत नाहीत. मुलीचे वय चौतीस. "या वयात चौथी भाषा डोक्यात शिरेल काय, की उगीच डोक्याला ताप होईल?" असे त्यांनी विचारले आहे.

वाचकहो, प्रश्न भाषेचा दिसतो, पण तो या सदराचाच आहे. रोगाचे निम्मे निदान रोग्याच्या बोलण्यातून होते. आपल्याकडे आई तान्ह्या बाळाला घेऊन येते आणि म्हणते, "पसली चल रही है." पश्चिम महाराष्ट्रातून नवा आलेला डॉक्टर बरगडीला मार लागला की काय म्हणून पाहू लागेल. ती माउली मात्र न्यूमोनियाचे अगदी अचूक लक्षण सांगत असते. श्वास घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, तेच हे. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक वेळा होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. तो एक वाक्प्रचार समजला नाही तर मोलाचे तास वाया जातात.

मोठ्या वयात, कोणत्याही वर्गात न बसता भाषा शिकण्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातच आहे. भामरागडजवळच्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. डॉ. प्रकाश आमटे त्या वेळी जेमतेम पंचविशीचे. ते आणि डॉ. मंदाकिनी आमटे शहरातले शिक्षण घेऊन त्या जंगलात राहायला गेले, तेव्हा वीज नव्हती आणि पावसाळ्यात वाटाही बंद होत. सर्वांत मोठी भिंत होती ती भाषेची. माडिया लोकांना मराठी-हिंदी कळत नसे आणि या दोघांना माडिया येत नसे. त्या भाषेला स्वतःची लिपी नाही. मग पुस्तक कुठले आणि शिकवणी कुठली? माणसे बुजरी, अंगभर कपड्यातल्या शहरी माणसाला पाहून दूर पळणारी. डॉ. प्रकाश यांनी शर्ट-पँट सोडून बनियन आणि अर्धी चड्डी हा वेश घेतला तो याच काळात. माणसांत राहून, कानांवर पडेल ते उचलून दोघे माडिया बोलू लागले. रोगी आपले दुखणे आपल्या भाषेत सांगू शकला, तेव्हा दवाखाना खऱ्या अर्थाने चालू झाला. २००८ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. भाषेच्या त्या मेहनतीची चर्चा मात्र कमी होते. आमच्या मते पहिले औषध तेच होते.

ही रीत जगभर चालते. स्पॅनिश शिकण्यासाठी अमेरिकेतील कितीतरी मोठी माणसे ग्वाटेमाला देशातील अँटिग्वा या जुन्या शहरात जाऊन राहतात. सकाळी शिक्षकाकडे धडा, उरलेला दिवस एखाद्या कुटुंबात, त्यांच्याच पंगतीला. त्यांत डॉक्टर आणि परिचारिकाही असतात, कारण त्यांच्याकडच्या कित्येक रोग्यांना स्पॅनिशच तेवढी येते. आणि आपल्याकडचा दाखला तर चारशे वर्षांचा आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आले ते तिशीत. तिथल्या लोकांत राहून मराठी शिकले आणि त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. तिशीनंतर मराठी शिकलेल्या माणसाने हजारो ओव्या रचल्या!

आता डोक्याच्या तापाविषयी. लहान मूल उच्चार हुबेहूब उचलते, ते मोठ्यांना सहसा साधत नाही. बोलण्यात परकेपणाचा हेल राहतो, राहू द्यावा. शब्द आणि वाक्यरचना मात्र मोठी माणसे सुरुवातीला मुलांपेक्षाही लवकर शिकतात. मेंदूचे नुकसान होण्याचा प्रश्नच नाही, उलट लाभ होत असावा असे दिसते. हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. विशेष म्हणजे कधीही शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. म्हणजे पुस्तकी शिक्षणाचे हे फळ नव्हे. एडिंबरो येथील २०१४ च्या अभ्यासात ८५३ जणांची बुद्धिचाचणी अकराव्या वर्षी आणि पुन्हा सत्तरीत तपासली गेली. दुसरी भाषा मोठेपणी शिकलेल्यांनाही त्यात फायदा दिसला. दोन भाषा येणाऱ्याचा मेंदू बोलताना दर वेळी एक भाषा दाबतो आणि दुसरी पुढे आणतो, हा त्याचा रोजचा व्यायाम, असे तज्ज्ञ म्हणतात. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष इतके चांगले आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रक्तदाब आणि साखर ताब्यात न ठेवता केवळ भाषा शिकून म्हातारपण सुखाचे होईल, असे कोणी समजू नये.

तेव्हा पत्रलेखकांच्या कन्येने खुशाल शिकावे. वही देवनागरीतच करावी. पाण्याला 'येर', डोक्याला 'तल्ला' असे शब्द तिला पहिल्याच आठवड्यात मिळतील. आधी शरीराचे अवयव, मग 'कुठे दुखते', 'किती दिवस झाले', 'रक्त जाते काय' हे प्रश्न. व्याकरण मागाहून. गोंडी ही मराठी-हिंदीच्या कुळातली नसून तेलुगूच्या, म्हणजे द्राविड कुळातली आहे, त्यामुळे वाक्याची ठेवण सुरुवातीला अडखळवील. हातपंपावर, आठवडी बाजारात, लहान पोरांशी बोलावे. पोरे हसतात, पण चूक लगेच दुरुस्त करतात. असा गुरुजी फुकट मिळत नाही! आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. रात्रीची झोप मोडू नये, कारण दिवसा ऐकलेले झोपेतच पक्के होते.

भाषा पुरती येईपर्यंत एक पथ्य पाळावे. अर्धवट भाषेत औषधाचा डोस सांगू नये. गोळ्या हातावर ठेवून, सूर्य कुठे असताना घ्यायच्या ते खुणेने दाखवावे आणि रोग्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. दुभाषी म्हणून गावातील आशाताईंना सोबत घ्यावे. बाईच्या पाळीचे, अंगावरून जाण्याचे दुखणे तिच्या नवऱ्यासमोर किंवा शाळकरी मुलाकरवी विचारू नये, खरे उत्तर मिळत नाही.

पन्नाशी-साठीनंतर शिकू पाहणाऱ्यांनी आधी कान तपासून घ्यावेत. नवे शब्द ध्यानात राहत नाहीत अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा ते नीट ऐकूच आलेले नसतात. कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे एक कारण मानले जाते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष नको. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने किंवा किल्लीने घरी काढू नये, दवाखान्यात काढून घ्यावा.