पंचाच्या हातातली कुस्ती

जोड भुईवर आली की मैदानातले सगळे डाव बघत असतात. पंच बघतो ती खांदा आणि माती यांच्यातली फट. तो गुडघ्यावर बसतो, तरी दिसेना झालं तर हात टेकून गाल थेट मातीला लावतो. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले, की दुसरा टेकायच्या आत पैलवानानं मानेच्या जोरावर कमान केली? हे ठरवायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ मिळतो.

सातारा-सांगलीकडच्या मैदानांत, पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत असो की कुंडलला, पंचाचं काम अंगमेहनतीचं आहे. जोड कडेच्या प्रेक्षकांच्या अंगावर जायला लागली की तिला मध्ये आणायचं. कुणी नुसती खडाखडी करून वेळ काढत असेल तर दटावायचं. बोटं पिरगाळली की सोडवायचं. हे सगळं हलगी-घुमक्याच्या कल्लोळात, हाताच्या खुणांनी.

निकाली कुस्तीत त्याला एक मोठा आधार असतो, तो म्हणजे भोवतीची गर्दी. पाठ लागली की ती पंचाइतकीच गर्दीलाही दिसते. कुंडलला डोंगराच्या उतारावर बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादालाही ती दिसते. म्हणून चितपट कुस्तीवर वाद झाला तरी तो तिथल्या तिथे मिटतो. कुरबूर सुरू होते ती कुस्ती रेंगाळल्यावर. अर्धा तास झाला, कुणी कुणाला हलवेना, मग पंच कुस्ती गुणांवर लावतात. पहिला ताबा घेईल तो जिंकला. आता ताबा खरंच मिळाला की नुसता हात पडला, हे पंचानं सांगायचं आणि गर्दीनं ऐकायचं. कुस्ती बरोबरीत सोडवली तर लांबून आलेला माणूस आणखीच हिरमुसतो.

मॅटवर सगळी लढतच गुणांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. मॅटवरच्या पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टी, दुसऱ्यावर निळी; ज्या रंगाचा हात वर, त्या पैलवानाला गुण. बाहेर ढकललं तर एक, खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन, उभ्यानं टाकून पाठ धोक्यात आणली तर चार. शिवाय बाजूचा पंच आणि मॅटप्रमुख असतात आणि तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं. गुण पटला नाही तर प्रशिक्षक फेरतपासणी मागू शकतो. ती फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. व्यवस्था चांगली विचारपूर्वक बांधलेली आहे. पण दोन आणि चार यांतला फरक पाठीच्या कोनावर ठरतो, आणि तो कोन शेवटच्या रांगेतून दिसत नाही.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागातही गुणांवरून नेमकं हेच झालं. महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि पाठ धोक्यात आलीच नव्हती असं म्हणत राज्यभर लोकांनी ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली. पंचाला धमकी आल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीतच पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय आला. तो न पटल्यानं राक्षेनं पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत गायकवाड मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या वर्षीची गदा कुठल्या डावावर जिंकली गेली, हे आज किती जणांना आठवतं? आठवतो तो गोंधळ. कुस्तीशौकिनाचं खरं नुकसान इथे आहे.

या भागाला पंचगिरीची झळ नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकआधी मद्रासला निरंजन दासविरुद्ध एका गुणानं हरले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, लढत पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी त्याच निरंजन दासला चितपट केलं. हेलसिंकीत मात्र दाद मागायलाही कुणी नव्हतं. एक दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं गेलं. मधल्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम मांडायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. कांस्यपदक मिळालं. ती विश्रांती मिळाली असती तर, हा प्रश्न साताऱ्यात आजही निघतो.

पंच चुकणार, हे जाणता प्रेक्षक धरूनच चालतो; त्याला चुकीपेक्षा मुकेपणा जास्त लागतो. फेरतपासणीची चित्रफीत पंचांच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर फिरते, मग हात वर होतो, फलक बदलतो आणि हजारो माणसं एकमेकांना विचारत राहतात, काय झालं? हे बदलायला नवं यंत्र लागत नाही. जत्रेच्या मैदानात निवेदक पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, तालीम, इनामाची रक्कम, देणगीदारांची नावं दिवसभर सांगत असतो. त्याच भोंग्यावरून पंचांनी दोन वाक्यं सांगावीत: चार गुण का दिले, आणि पाठ नेमकी कुठल्या क्षणी वळली. चित्रफितीचा पडदा मोठा करून प्रेक्षकांकडे फिरवावा. त्यानंतर वाद घालायचाच असेल तर निदान तो डावावर होईल.