लगाम आणि पल्ला

या लेखाचा विषय मासे धरण्याच्या गळाचें रीळ हा आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे ज्यांना पान उलटावयाचें असेल त्यांना तें खुशाल उलटतां येईल. आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या माशाचा वाससुद्धां उंबऱ्याच्या आंत आलेला नाहीं. सारस्वत बंधूंची गोष्ट निराळी. पण देशस्थ घरांतल्या आणि सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविलेल्या मास्तरानें या वयांत गळाविषयीं लिहावें, हें पाहून कित्येकांच्या भुंवया वर चढतील. त्यांच्या समाधानासाठीं एवढेंच म्हणतों कीं, हा विषय आपल्या संस्कृत वाङ्मयाला अगदींच परका नाहीं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा जो कोशवजा ग्रंथ रचला, त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र मला आज मासा सांगावयाचा नाहीं. त्याच्याकडे जाणारा दोरा किती लांब जातो आणि कां जातो, एवढेंच सांगावयाचें आहे.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत, सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ राहतात. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. नातू तेरा वर्षांचा. त्यानें खाऊचे पैसे सांठवून एक रीळ व काठी विकत आणली होती आणि मोठ्या हौसेनें ती मला दाखविली. मीं जेवतांना म्हटलें, “ज्या दिवशीं तूं जिवंत प्राण्याच्या तोंडांत गळ अडकवशील, त्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारीं तुझें ताट मांडूं नये.” बोलून गेलों. पोर अर्ध्या जेवणावरून उठलें. पुढें आठ दिवस ‘हो’ आणि ‘नाहीं’ यांपलीकडे तो माझ्याशीं बोलला नाहीं. सूनबाईंनीं अवाक्षर काढलें नाहीं. पण घरांत कोणाच्याच घशाखालीं घांस नीट उतरत नव्हता.

शेवटीं चिरंजीवांनीं तोड काढली. एका शनिवारीं सकाळीं ते आम्हां दोघांना शहरांतील गोल्डन गेट उद्यानांत घेऊन गेले. तेथें इ. स. १९३८ मध्यें बांधलेले तीन उथळ हौद आहेत. त्यांत मासा नाहीं आणि तेथें येणाऱ्यांच्या दोऱ्याला गळही नाहीं. पाण्यावर कडीं तरंगत असतात. दोऱ्याच्या टोंकाला लहानसें वजन बांधून तें दूर आणि नेमकें फेंकावयाचें, एवढाच खेळ. या वजनाला तिकडे ‘प्लग’ म्हणतात. फेंकण्याच्या या विद्येच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होतात आणि अशा रिळाच्या शर्यतींत १८ ग्रॅम वजनाचा प्लग वापरतात. जेथें हिंसा नाहीं तेथें माझा आक्षेपही नाहीं. मी बांकावर बसलों आणि नातवानें काठी उचलली.

आतां हें रीळ म्हणजे काय, तें पाहूं. संक्रांतीच्या दिवसांत पतंग उडविणाऱ्या मुलाच्या मागें दुसरा मुलगा फिरकी धरून उभा असतो, तें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पतंग जसा दोरा ओढतो, तशी फिरकी गरगर फिरते. काठीवर आडवें बसविलेलें हें रीळ तसेंच आहे. प्लग हवेंत सुटला कीं तो दोरा ओढतो आणि दोऱ्याच्या ओढीनें फिरकी फिरते. फिरकीचा व्यास ३४ मिलिमीटर धरला, तर तिचा घेर सुमारें १०७ मिलिमीटर होतो. प्लग सेकंदाला २० मीटर वेगानें सुटला, तर त्याच्या बरोबरीनें दोरा पुरविण्यासाठीं फिरकीला सेकंदांत सुमारें १८७ फेरे, म्हणजे मिनिटाला अकरा हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. आणि तेंही स्थिर अवस्थेंतून, एका क्षणांत.

खरी अडचण मात्र पुढेंच आहे. हवेच्या विरोधानें प्लगचा वेग लगेच कमी होऊं लागतो. फिरकीला तें कोण सांगणार? ती आपल्या भरांत फिरतच राहते. दोरा जितका हवा त्यापेक्षां अधिक सुटतो, बाहेर जावयास वाट नाहीं म्हणून फिरकीवरच फुगतो आणि त्याच्या वेटोळ्यांत वेटोळीं अडकतात. पतंग एकाएकीं ढिला पडला आणि फिरकी फिरत राहिली म्हणजे मांजाचा जो गुंता होतो, तोच हा. अमेरिकन लोक याला ‘पक्ष्याचें घरटें’ म्हणतात. नातवाच्या पहिल्याच फेंकीला असें घरटें झालें, कीं त्यांत चिमणीनें खुशाल अंडीं घालावीं. तो सोडविण्यांत अर्धा तास गेला. संतापून त्यानें रिळाच्या बाजूचा ब्रेक शेवटच्या आंकड्यापर्यंत आंवळला. मग गुंता झाला नाहीं हें खरें. पण प्लग दहा पावलांवर धप्पकन पाण्यांत पडला.

शेजारीं एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ सराव करीत होते. माझ्याहून दहा वर्षांनीं तरी वडील असावेत. ते जवळ आले आणि नातवाला म्हणाले, “ब्रेक थांबविण्यासाठीं नाहीं, बाळ; लांब जाण्यासाठीं आहे.” मला तें वाक्य प्रथम कोड्यासारखें वाटलें. पुढें कित्येक शनिवार त्यांच्याजवळ बसून आणि चिरंजीवांच्या साह्यानें थोडें वाचून त्याचा उलगडा झाला.

या रिळाचा जन्म घड्याळजीच्या दुकानांतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत केंटुकी संस्थानांतील पॅरिस या लहान गांवीं जॉर्ज स्नायडर नांवाच्या घड्याळजीनें असें रीळ घडविलें. त्याच संस्थानांतील फ्रँकफोर्ट येथील मीक बंधू, हेही घड्याळजीच, यांनीं ती कला वाढविली. दांडा एकदां फिरविला कीं फिरकीनें चार फेरे घ्यावे, अशी या केंटुकी रिळांची दांतेचाकांची सामान्य रचना असे. त्या काळीं ब्रेक म्हणजे फेंकणाराचा अंगठा. फिरकीवर अंगठा अलगद टेकवून, प्लग मंद होईल तसतसा दाब वाढवावयाचा, हें ज्याला साधलें तोच फेंकणारा. पुढें मिशिगन संस्थानांतील कालामझू येथील विल्यम शेक्सपिअर यानें (नामसाम्याला वाचकांनीं हंसूं नये) दोरा गुंडाळतांना तो फिरकीवर इकडून तिकडे सारखा पसरविणारी योजना केली आणि इ. स. १८९७ मध्यें कारखाना काढला.

यानंतरचें मोठें पाऊल स्वीडनमध्यें पडलें. स्वांग्स्टा येथें इ. स. १९२१ मध्यें ‘आबू’ हा कारखाना निघाला. त्याच्या मूळ स्वीडिश नांवाचा अर्थच ‘घड्याळांचा कारखाना’. तेथें खिशांतलीं घड्याळें आणि पुढें टॅक्सीचे मीटर होत. दुसऱ्या महायुद्धांत मीटरांचें गिऱ्हाईक आटलें, तेव्हां कारागीर रिळांकडे वळले, आणि इ. स. १९५२ मध्यें ‘अँबॅसडर’ हें त्यांचें प्रसिद्ध रीळ बाहेर पडलें. जुन्या रिळांत फेंकतांना दांडाही उलटा गरगर फिरत असे. यांत कळ दाबतांच फिरकी दांतेचाकांपासून सुटी होई आणि फिरकीला आपोआप आंवरणारा ब्रेकही आंत होता.

हें काम घड्याळजींनींच करावें यांत मला नवल वाटत नाहीं. घड्याळाची कमान भरून तिला मोकळी सोडली, तर सारी शक्ति क्षणांत सांडून जाईल. चाकाच्या प्रत्येक दांत्याला अडवून सोडणारा जो लहानसा अडसर असतो, त्याच्यामुळेंच ती शक्ति दिवसभर पुरते.

ब्रेकाचे मुख्य प्रकार दोन. पहिला केंद्रोत्सारी. फिरकीबरोबर फिरणारे लहान ठोकळे वेगाच्या जोरानें बाहेर फेंकले जातात आणि भोंवतालच्या कड्यावर घांसतात. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. वेग निम्मा झाला कीं ब्रेक चौथा हिस्सा उरतो. म्हणून आरंभीं, जेथें गुंत्याचें भय फार, तेथें तो जोरानें धरतो आणि शेवटीं जवळजवळ सोडून देतो. दुसरा लोहचुंबकाचा. फिरकी ॲल्युमिनियमची असते. तिला चुंबक ओढीत नाहीं. परंतु चुंबकाजवळून धातु वेगानें फिरूं लागला कीं त्यांत विजेचे भोंवरे उठतात आणि ते त्या गतीलाच विरोध करतात; हा नियम लेन्झ यानें इ. स. १८३४ मध्यें सांगितला. येथें विरोध वेगाच्या सरळ प्रमाणांत असतो. वेग निम्मा तर ब्रेक निम्मा. त्यामुळें हा ब्रेक शेवटपर्यंत थोडाफार धरून राहतो; नवशिक्याला तो सोईचा, पण पल्ल्याची अखेरचीं कांहीं पावलें तो खातो. हल्लीं कांहीं रिळांत फिरकीच्याच गतींतून वीज निर्माण करून क्षणोक्षणीं ब्रेक कमीअधिक करणारें सूक्ष्म यंत्रही बसवितात. तरीपण यंत्र कितीही चतुर असलें, तरी प्लग पाण्याला टेकतांच फिरकी थांबविण्याचें काम शेवटीं अंगठ्याकडेच राहतें.

आतां लांब फेंकण्याचें गणित. हवा नाहीं असें धरलें, तर सेकंदाला २० मीटर वेगानें ४५ अंशांत सुटलेला प्लग सुमारें ४१ मीटर जाईल. वेग दीडपट केला तर पल्ला सव्वादोनपट होतो. हवा आणि दोरा यांतील पुष्कळ भाग हिरावून घेतात, तरी वेगाची किंमत ध्यानांत यावी. पण या वेगाचा वाटेकरी फिरकी आहे. तिच्या कडेचा भाग दोऱ्याच्याच वेगानें धांवतो. म्हणून कडेवरचा प्रत्येक ग्रॅम प्लगच्या एका ग्रॅमइतकीच शक्ति घेतो. समजा, फिरकीचा भार कडेवर ९ ग्रॅमइतका मोजला जातो. प्लग १८ ग्रॅमचा असेल तर एकंदर शक्तीचा तिसरा हिस्सा फिरकीकडे जाईल. तो साडेचार ग्रॅमचा असेल तर दोनतृतीयांश! म्हणून हलक्या वजनाला हलकी फिरकी हवी आणि तिच्यावर तंगूसही बेताचाच भरावा. दांडा एकदां फिरविल्यास फिरकी किती वेळां फिरते, या आंकड्याचें दुकानांत फार कौतुक असतें. पण तो दोरा परत गुंडाळण्याचा वेग आहे, फेंकण्याशीं त्याचा संबंध नाहीं.

अगदीं हलकें वजन दूर धाडावयाचें तर दुसऱ्या जातीचें रीळ बरें. इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचे गिरणीमालक इलिंगवर्थ यांनीं इ. स. १९०५ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. कोष्ट्याच्या धोट्यांतील कांडी फिरत नाहीं. दोरा तिच्या टोंकावरून निसटत जातो. तीच युक्ति त्यांत आहे. फिरकी फिरतच नाहीं, तेव्हां ती आवरण्याचा प्रश्नही उरत नाहीं. फिरत्या फिरकीच्या रिळाचा उपयोग भारी वजनाला आणि नेमकेपणाला. कारण त्यांत अंगठा शेवटपर्यंत दोऱ्यावर हुकमत ठेवूं शकतो.

वृद्ध गृहस्थांची शिकविण्याची रीत मात्र मला विसरतां येत नाहीं. प्रथम बाजूची खुंटी इतपत आंवळावी कीं प्लग सावकाश खालीं उतरेल आणि तो जमिनीला टेकतांच फिरकी थांबेल. ब्रेक आरंभीं बराच घट्ट ठेवावा. चारसहा फेंकी नीट गेल्या कीं एक आंकडा सैल करावा; पुन्हां तसेंच. फिरकीवर दोरा किंचित् फुगूं लागला कीं एक आंकडा मागें यावें. आपली जागा तीच. काठी हिसडा न देतां एकसारखी वाढत्या वेगानें आणावी. दर आंकडा सैल करतांना ते नातवाला विचारीत, “अंगठा काय म्हणतो?” ब्रेकाचा जितका भाग सुटे, तितका अंगठा शिकलेला असे. तिसऱ्या शनिवारीं पोरानें चाळीस पावलें गांठलीं.

बांकावर बसून मला माझा वर्ग आठवत होता. कठोपनिषदांतील रथाचें रूपक मी दरवर्षीं मुलांना सांगत असें: इंद्रियें घोडे आणि मन लगाम. सांगत असें खरें, पण वर्गांत आणि घरांतही मीं लगाम नेहमीं शेवटच्या आंकड्यापर्यंत आंवळूनच ठेवला. गुंता कधीं झाला नाहीं, याचा मला अभिमान होता. माझीं कित्येक मुलें दहा पावलांवर पडलीं, तीं मीं मोजलीं नाहींत. लगाम म्हणजे घोडा थांबविण्याचें साधन नव्हे; तेवढ्यासाठीं दावें पुरलें असतें. चिरंजीव शेजारींच उभे होते. त्यांना मीं हें बोलून दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत, नुसते हंसले; पण त्या दिवशीं घरीं परततांना आम्ही पुष्कळ बोललों.

त्या रात्रीं मीं नातवाचें ताट माझ्या ताटाशेजारीं मांडावयास सांगितलें. आम्ही परत आल्यावर तो बापाबरोबर एका तळ्यावर गेला, मासा धरला आणि पाण्यांत परत सोडला. ही गोष्ट त्यानें मला स्वतःच दूरध्वनीवर सांगितली. मला ती आवडली नाहीं आणि तसें मीं त्याला सांगितलेंही; परंतु ताटाचा विषय काढला नाहीं. आतां दर रविवारीं तो मला हौदावरचा आपला पल्ला कळवितो. परवांचा आंकडा अठ्ठेचाळीस पावलें होता, आणि मीं तो आमच्या पंचांगाच्या समासांत टिपून ठेविला आहे.