गुलाबी पाण्याचा माग

आरडीएक्स हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला तो मार्च १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर. हेच स्फोटक न फुटता, निमूटपणे जमिनीखालूनही चालू लागतं. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, हर्मिस्टनजवळच्या युमाटिला लष्करी डेपोत तसंच झालं.

१९५०च्या दशकापासून १९६५ पर्यंत इथे जुने बॉम्ब उघडून आतली स्फोटकं गरम पाण्याने आणि वाफेने धुऊन काढत. या पाण्याला ऊन लागलं की त्यातल्या टीएनटी या स्फोटकामुळे ते गुलाबी होतं; या धंद्यात त्याला ‘गुलाबी पाणी’च म्हणतात. असं सुमारे ३२ कोटी लिटर पाणी अस्तर नसलेल्या दोन तळ्यांत सोडलं गेलं. खाली वाळू नि गोटे! टीएनटी मातीला बऱ्यापैकी धरून राहतं, आरडीएक्स मात्र पाण्यासोबत निघून जातं. भूजलातला हा डाग सुमारे ३५० एकरांखाली पसरला. तळ्यांची नोंद सुपरफंड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या सफाई हव्या असलेल्या विषारी जागांच्या सरकारी यादीत, झाली १९८७ मध्ये, धुलाई थांबल्यावर बावीस वर्षांनी.

मातीवरचा उपाय आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळेल. शेण, कोंबडीखत, लाकडाचा भुसा, लसूणघास आणि बटाट्याचा टाकाऊ माल त्या मातीत कालवला, लांब ढीग लावले, ते वरचेवर उलथले. ढीग तापले आणि जीवाणूंनी काही आठवड्यांत टीएनटी मोडून काढलं. हे काम १९९०च्या दशकाच्या मध्यात पार पडलं. भट्टीत जाळण्यापेक्षा ते स्वस्तही पडलं.

पाणी इतकं सरळ नव्हतं. जानेवारी १९९७ पासून ते विहिरींतून उपसून, सक्रिय कोळशातून गाळून पुन्हा जमिनीत मुरवलं जाऊ लागलं. पण कोळसा विष नुसतं पकडून ठेवतो, संपवत नाही. शिवाय वाळूच्या कणांच्या खाचाखोचांत अडकलेला उरलासुरला अंश पुन्हा पाण्यात झिरपतच राहतो. आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत आरडीएक्सची सल्लावजा मर्यादा आहे लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. नुसत्या उपशाने तिथवर पोहोचणं कठीण, म्हणून पुढे जमिनीखालीच जीवाणूंना फ्रुक्टोज पाजून त्यांच्याकडून आरडीएक्स मोडून घेण्याचे प्रयोग झाले. मातीला शेण, पाण्याला साखर.

याच डेपोत साठवलेली अत्यंत जहरी रासायनिक शस्त्रं २०११ मध्ये जाळून संपली. धुण्याच्या पाण्याच्या सफाईचं काम तेव्हाही चालूच होतं.