टाइलवरचा फोम आणि बाथरूमची बंद खिडकी

शेजारच्या काकूंच्या बाथरूममध्ये पाइपभोवती भोक राहिले होते, त्यातून झुरळे येत. प्लंबरने कॅनमधून पिवळसर फोम मारला. तो फुगला, भोक बुजले आणि उरलेला फोम टाइलवर ओघळून अर्ध्या इडलीएवढ्या तीन गोळ्यांच्या रूपात वाळला. प्लंबर पैसे घेऊन गेला. संध्याकाळी काकूंनी त्या गोळ्यांवर टॉयलेट साफ करायचे अ‍ॅसिड ओतले. काही फरक दिसेना म्हणून थोड्या वेळाने वरून ब्लीच. थंडीचे दिवस, खिडकी बंद. दोन मिनिटांत त्या खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या. रात्री दम लागला, दवाखान्यात न्यावे लागले. फोम मात्र जसाच्या तसा होता.

तो तसाच राहणार होता, कारण हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये शोधलेल्या या कुळातलेच पदार्थ आज गाद्यांमध्ये, फ्रिजच्या भिंतींत आणि बुटांच्या तळव्यांत असतात. कॅनमधला द्रव बाहेर आला की त्यातले आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावते. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, कॅनमध्ये दाबून भरलेला वायूही फुलतो, आणि त्याच वेळी रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जाऊन त्यांचे घट्ट जाळे विणले जाते. एकदा हे जाळे तयार झाले की ते विरघळत नाही. गूळ पाण्यात विरघळतो, पण भाजलेल्या पावाचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे.

म्हणून फोम ओला असताना आणि वाळल्यावर, असे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या काही मिनिटांत तो कोरड्या फडक्याने टिपून अ‍ॅसिटोनने पुसता येतो. पाणी लावू नये, पाण्याने तो उलट लवकर घट्ट होतो. वाळल्यावर मात्र अ‍ॅसिटोन, थिनर, रॉकेल यांतले काहीही तो विरघळवत नाही. फार तर वरचा पातळ थर थोडा फुगतो. अ‍ॅसिडचे तर इथे कामच नाही. फोमच्या आधी टाइलच्या सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते, आणि फरशी संगमरवरी असेल तर तिची झिलई कायमची जाते.

आयसोसायनेट म्हटले की आपल्याला भोपाळ आठवते, आणि ते साहजिक आहे. 1984 साली तिथे गळलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो 39 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. फोमच्या कॅनमधले आयसोसायनेट त्याच गटातले असले, तरी साध्या तापमानाला त्याची वाफ जवळपास होत नाही. शिवाय फोम पूर्ण वाळला की ते जवळजवळ सगळे खर्ची पडलेले असते. टाइलवरचा वाळका गोळा निरुपद्रवी आहे. धोका आहे तो रोज फोम मारणाऱ्या कारागिराला, कारण या रसायनाची एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. युरोपीय संघात ऑगस्ट 2023 पासून असे पदार्थ कामासाठी वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडच्या प्लंबरच्या हातात निदान हातमोजे तरी असतात का, ते एकदा पाहा.

घरातल्या माणसाचे नुकसान होते ते फोम काढायच्या उपायांनी. काकूंच्या बाथरूममध्ये जे झाले त्यात फोमचा संबंधच नव्हता. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. असे घडलेच तर सगळे तसेच टाकून मोकळ्या हवेत यायचे, साफसफाईसाठी पुन्हा आत जायचे नाही. दम काही तासांनीही वाढतो, तेव्हा 'आता बरे वाटतेय' म्हणून घरी बसू नये. 108 ला फोन करावा.

दुसरा उपाय रंग उतरवायच्या रसायनाचा. त्यातल्या काहींत डायक्लोरोमिथेन असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद बाथरूममध्ये खालीच साचते, आणि शरीरात त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात बाथटबचा जुना थर उतरवताना 13 कामगार याने दगावल्याची नोंद आहे. तिसरा उपाय लायटरचा. हा फोम मेणासारखा वितळत नाही, जळतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. अ‍ॅसिटोनची वाफही पेट घेते, त्यामुळे गॅस गीझर असलेल्या बाथरूममध्ये त्याची बाटली उघडूच नये.

मग उरते काय? पात आणि सवड. एक दिवस पूर्ण वाळू द्यावा. मग पातळ धारदार सुरी टाइलला जवळजवळ आडवी धरून गोळा मुळापासून कापावा. बराचसा भाग एका फटक्यात निघतो. खाली कागदासारखा थर उरतो, खरी मेहनत त्याचीच. गुळगुळीत टाइलवर साबणाचे पाणी लावून ब्लेड तिरके धरून खरवडले की तो सालीसारखा सुटतो. संगमरवर किंवा कोटा असेल तर लोखंड लावू नये, जुने एटीएम कार्ड किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, वेळ जास्त लागेल. खडबडीत टाइलच्या खड्ड्यांत बसलेला फोम नायलॉनच्या ब्रशने जेवढा निघेल तेवढाच. भुगा उडतो म्हणून मास्क हवा, आणि खिडकी उघडी. बोटांना चिकटून वाळलेला फोम खरवडू नये. तेल चोळत राहावे, चार-सहा दिवसांत कातडीच्या वरच्या थराबरोबर तो जातो.

काकूंचे तीन गोळे त्यांच्या नातवाने दोन संध्याकाळी बसून काढले. पाइपाच्या खालच्या सांध्यात थोडा राहिला आहे, त्यावर पांढरे सिमेंट भरून टाकले. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचे भोक अजून बुजवायचे आहे. तिथे प्लंबर कॅन हलवायच्या आधी काकू टाइलवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने लावून घेणार आहेत, कारण पिशवीच्या प्लॅस्टिकला हा फोम धरत नाही.