मॉस्कोचे दरवाजे उघडणारा हेटमन

३ जुलै १६१०च्या संध्याकाळी पोलिश सेनापती, म्हणजे हेटमन, स्तानिस्वाव झुवकेव्स्की याने थोडी फौज रशियन छावणीला घातलेल्या वेढ्यावर ठेवली आणि उरलेली घेऊन तो जंगलवाटेने निघाला. सोबत साडेसहा-सात हजार माणसे, बहुतेक घोडेस्वार. समोर क्लुशिनो गावापाशी झार वासिली शुइस्कीची फौज आणि तिच्या मदतीला आलेले स्वीडनचे भाडोत्री सैनिक. सगळे मिळून तीस हजारांच्या घरात.

पहाटे गाठ पडली, पण मध्ये गावाची कुंपणे आडवी आली. पंखधारी हुसार स्वारांना त्यांतल्या अरुंद फटींतून घुसावे लागत होते. काही तुकड्या आठ-दहा वेळा चालून गेल्या, भाले मोडल्यावर तलवारींनी लढल्या. मागे रुतलेल्या दोन लहान तोफा उशिरा पोचल्या, कुंपण फुटले आणि पारडे फिरले. पगार थकलेल्या भाडोत्र्यांशी हेटमनने वाटाघाटी केल्या. त्यांतले बरेच त्याला येऊन मिळाले.

हा विजय लष्करी इतिहासात गाजला. झुवकेव्स्कीचे मोठेपण मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत दिसते. शुइस्की पदच्युत झाला होता. मॉस्को लुटण्याऐवजी हेटमनने ऑगस्टमध्ये तिथल्या सरदारांशी करार केला: पोलिश राजपुत्र व्वादिस्वाव झार होईल, ऑर्थोडॉक्स धर्माला आणि रशियन रिवाजांना धक्का लागणार नाही. या भरवशावर पोलिश शिबंदी क्रेमलिनमध्ये शिरली.

स्मोलेन्स्कला वेढा घालून बसलेल्या राजा तिसऱ्या झिग्मुंटला मात्र रशियाचे सिंहासन स्वतःलाच हवे होते. करार बासनात गेला. १६११मध्ये वॉर्सात बंदिवान शुइस्कीला संसदेपुढे उभे करून विजयाचा सोहळा झाला. पुढच्याच वर्षी उपासमारीने खंगलेली क्रेमलिनमधली शिबंदी शरण आली. तलवारीने कमावलेले आणि शब्दाने राखलेले राजाच्या हव्यासाने गेले. या मोहिमेवर झुवकेव्स्कीने स्वतः ग्रंथ लिहिला.

त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. १५९६मध्ये त्यानेच युक्रेनमधल्या कोसॅकांचे बंड मोडले आणि शरण आलेल्यांची त्याच्या सैन्याने कत्तल केली. युक्रेनच्या आठवणीत ती जखम आहे.

१६२०मध्ये सत्तरी ओलांडलेला हा हेटमन मोल्दाव्हियात त्सेत्सोराजवळ तुर्क आणि तातारांशी लढला. पराभवानंतर गाड्यांचा चालता कोट करून त्याने माघार सुरू केली. दिवसेंदिवस हल्ले परतवत फौज नीस्तर नदीच्या जवळ आली आणि तिथे शिस्त मोडली. ऑक्टोबरमध्ये तो मारला गेला. त्याचे शिर इस्तंबूलला सुलतानाकडे गेले. पुढे १६८३मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठवणारा यान सोबिएस्की हा त्याच्या नातीचा मुलगा.

पोलंडने या दोघांच्याही लढाया जपल्या. पण १६१०चा तो करार पाळला गेला असता, तर पोलंड आणि रशिया यांच्यात निदान तडजोडीची एक वाट खुली राहिली असती. हरलेल्याला अपमानित न करता त्याच्याशी बोलावे, हे झुवकेव्स्कीला कळले होते. त्याच्या राजाला कळले नाही, आणि त्याची किंमत क्रेमलिनमधल्या उपाशी शिपायांनी मोजली.