शिटी वाजल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावी मंडई भरली. मंडई म्हणजे काय हे आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला सांगायला नको. दंडार, भज्यांची दुकाने, माहेरी आलेल्या लेकी, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी. त्या कबड्डीत यंदा पंच म्हणून मला उभे करण्यात आले. माझी पात्रता एवढीच की मी तुमसरला कॉलेजात शिकतो. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहतात, आईला सही येते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. "शिकलेला पोट्टा आहे, नियमाचं पुस्तक वाचते," असे म्हणून मंडळाच्या लोकांनी माझ्या हाती शिटी दिली. त्या रात्री माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिलीबद्दल मला आता फारसे वाईट वाटत नाही. हा लेख लिहीत आहे तो दुसरीमुळे.

आमचे गाव आणि शेजारचे गाव असा सामना होता. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली होती आणि गुण जवळजवळ बरोबरीत होते. शेजारच्या गावचा चढाईपटू परत फिरताना त्याने आमच्या कोपऱ्यातल्या गड्याकडे हात टाकला. मी त्याच बाजूला उभा होतो. मला स्पर्श दिसला. मी शिटी वाजवून गुण दिला. आमचा गडी बाहेर जाता जाता एवढेच म्हणाला, "भाऊ, लागला नाही." समोरच्या बाजूच्या पंचाचा हात वर आला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले, तर ते जमिनीकडे पाहत होते. तेवढ्यात मला उमगले की मी हात पाहिला, स्पर्श पाहिलाच नाही. पण आता निर्णय फिरवला तर लोक काय म्हणतील? कॉलेजात शिकलेला, आणि दोन तोंडांनी बोलतो!

दोन चढायांनंतर आमच्या गावच्या चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. बोनस मिळायचा तर त्या वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. त्याचा पाय जमिनीवर होता, हे मला अगदी स्वच्छ दिसले. तरी मी अंगठा वर केला. मनात म्हटले, हिशेब चुकता झाला.

आमचे गाव एका गुणाने जिंकले. शेजारच्या गावच्या कर्णधाराने येऊन माझा हात हातात घेतला आणि पंचगिरी चांगली झाली म्हणून सांगितले. रात्री एका मुलाने मोबाईलवर घेतलेले चित्रण दाखवले. स्पर्श झालेला नव्हता, आणि मागचा पायही उचललेला नव्हता.

यानंतर शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे जाऊन मी सगळे सांगितले. सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून दोन पुस्तके काढून दिली, एक कबड्डीच्या नियमांचे आणि दुसरे बास्केटबॉलचे. बास्केटबॉलचे कशाला, असे मला वाटले. वाचल्यावर कळले.

कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. (हा सरपंच गावचा नव्हे, आमच्याकडे तो गावचाही होता, कारण बक्षीस त्यांचे होते!) सामान्यतः पंचाचा निर्णय अंतिम असतो. दोन पंचांत मतभेद झाला किंवा तसाच विशेष प्रसंग आला, तर सरपंचाने निर्णय द्यायचा. म्हणजे त्या रात्री मला वाट होती. मी सरपंचाकडे जाऊन "मला खात्री नाही, समोरच्या पंचांना विचारा" असे म्हणू शकत होतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. पण तशी वाट आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि सगळे गाव पाहत असताना ती दहा पावले चालून जाणे वेगळे.

बास्केटबॉलमध्ये याच गोष्टीची फार बारकाईने व्यवस्था लावलेली आहे. दोन पंच असतील तर एक बास्केटजवळ पुढे असतो आणि दुसरा खेळाच्या मागून येतो. कोणी मैदानाच्या कोणत्या भागावर नजर ठेवायची हे ठरलेले असते. फाऊल दिसला की शिटी वाजवून मूठ वर करायची. नंतर गुणलेखकाच्या टेबलापुढे जाऊन खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखवायचा, फाऊलचा प्रकार दाखवायचा आणि पुढे काय होणार ते सांगायचे. शिटी वाजवणाऱ्यानेच हे करायचे असल्यामुळे निर्णय कोणाचा हे सगळ्या मैदानाला दिसते. दोघांनी एकदम शिटी वाजवली तर दोघांनीही नुसती मूठ वर ठेवून आधी एकमेकांकडे पाहावे आणि ज्याच्या भागातला खेळ त्याने पुढे बोलावे, अशी पद्धत आहे. ती पाळली नाही तर एकाच धडकेला एक पंच आक्रमकाचा फाऊल म्हणतो आणि दुसरा बचावपटूचा, आणि मग दोघांपैकी कोणालाच मागे येता येत नाही.

एका पंचाने आपल्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्याने बाजूला सारायचा नाही, असाही नियम आहे. मतभेद उरलाच तर मुख्य पंचाचा शब्द शेवटचा. मग चूक झाली तर? नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडणाऱ्या काही ठराविक चुका दुरुस्त करता येतात: देय नसलेले फ्री थ्रो दिले, देय असलेले दिले नाहीत, भलत्याच खेळाडूला ते टाकू दिले, किंवा गुण चुकीने दिले वा काढून घेतले. त्यालाही मुदत आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन चेंडू पहिल्यांदा थांबतो. तो पुन्हा खेळात येण्यापूर्वी चूक लक्षात आली पाहिजे. पण फाऊल होता की नव्हता, हा डोळ्यांचा निवाडा या यादीत नाही. पुढच्या मिनिटाला दुसऱ्या संघावर एक फाऊल देऊन तो भरून काढण्याची तरतूद तर कोठेच नाही.

ती का नाही, याचे उत्तर मला माझ्याच बोनसमध्ये सापडले. स्पर्शाचा गुण दिला तेव्हा आमच्या गावाला एका गुणाचाच तोटा झाला नाही. आमचा एक गडी बाहेर गेला आणि त्यांचा बाहेर बसलेला एक गडी आत आला. बोनसने फक्त गुण मिळतो. त्याने कोणी बाद होत नाही आणि कोणी परतही येत नाही. म्हणजे फलकावर हिशेब जुळला, मैदानावर तो जुळलाच नाही. बास्केटबॉलमध्येही तसेच आहे. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो. चुकीचा फाऊल एकाच्या नावावर चढतो आणि भरपाईचा दुसऱ्याच कोणाच्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा पाचातला एक परत मिळत नाही. खेरीज पहिली चूक नजरेची होती. दुसरी मी पाहून, जाणून केली. आमच्या गावाला न्याय द्यावा म्हणून मी शेजारच्या गावावर खोटा गुण लादला, आणि ते जिंकले असते की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

मोठ्या मैदानांवरही जबाबदारीचा गोंधळ होतो. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 7 ऑक्टोबर 2023 रोजी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत होते. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. शेवटचे मिनिट-सव्वा मिनिट उरले असता पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श होण्यापूर्वीच राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. एका नियमाप्रमाणे चढाईपटूबरोबर मागे गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या दुसऱ्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाहेर गेला तेथेच चढाई संपली. कोणता नियम लावायचा यावरून निर्णय पुन्हा पुन्हा फिरला. कधी एका संघाचे खेळाडू मॅटवर बसले, कधी दुसऱ्या. सामना जवळजवळ तासभर थांबला आणि शेवटी भारत 33-29 असा जिंकला. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. परंतु येथे नजर चुकली नव्हती, पाय कोठे पडले ते सर्वांना दिसत होते. कोणता नियम चालणार हे सामन्याच्या आधी सर्वांच्या मनात पक्के नव्हते, आणि शेवटचा शब्द नेमका कोणाचा हेही दिसेना.

शेवटचा शब्द भलत्याच माणसाने घेतला तर काय होते, ते 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात दिसले. अमेरिका एका गुणाने पुढे असताना आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावायला सांगितले. मैदानावरील निर्णयात त्यांना अधिकार नव्हता. त्या तीन सेकंदांत सोव्हिएत संघाने बास्केट करून सामना 51-50 असा जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही, आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत.

असो. तुमसरच्या बाजारात एकदा आमचा तो कोपऱ्यातला गडी भेटला. मी त्याला म्हटले, तुला लागला नव्हता. तो हसला. "मी तं तवाच सांगत होतो, भाऊ," म्हणाला आणि भाजीची पिशवी उचलून चालता झाला. त्याच्याशी बोलणे सोपे गेले.

येत्या शिवजयंतीला शेजारच्या गावी सामने आहेत. पंचगिरीसाठी याल का, म्हणून त्यांच्या कर्णधाराचा मला फोन आला. येतो म्हणालो, पण आधी एक ऐकून घ्या म्हणून बोनसची सगळी हकीकत त्याला सांगितली. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "पोट्ट्यायले विचारून कळवतो." हा लेख संपादकांकडे देईपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.